प्रास्ताविक

पहिला तास. फळ्यावर मी लिहिलं: राज्य म्हणजे
भूभाग, लोक, सरकार,
आणि इतरांनी दिलेली मान्यता.
गोरीच्या थंडीत कोट न काढता बसलेली चोवीस मुलं.
खिडकीजवळची थेओना म्हणाली,
मॅडम, भूभाग रात्रीत सरकला
तर ते कितव्या प्रकरणात येतं?

तिचा आजा ओतिया. सफरचंदाची त्रेचाळीस झाडं.
ऑक्टोबरातल्या एका सकाळी हिरवी पाटी
विहिरीच्या पलीकडून अलीकडे आलेली.
गोळी नाही, रणगाडा नाही,
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
अकरा झाडं आणि विहीर
पासपोर्ट न काढता परदेशी गेली.

ओतिया म्हणतो, याला बांध कोरणं म्हणतात.
माझ्या चुलत्यानं जन्मभर तेच केलं,
पण तो निदान समोर येऊन भांडायचा.

पुस्तकात तीन मतं आहेत.
पहिलं: बळी तो कान पिळी, बाकी सगळी झालर.
दुसरं: करार, व्यापार, संस्था; हळूहळू माणसाळेल जग.
तिसरं: सीमा ही सगळ्यांनी मिळून मानलेली गोष्ट,
मानणं थांबलं की उरते नुसती तार.
मी तिन्ही समजावली. खडू दोनदा तुटला.

निळ्या जाकिटातले निरीक्षक येऊन गेले,
दुर्बिणीतून झाडं मोजून.
त्यांच्या भाषेत चिंतेला पायऱ्या असतात:
चिंता, तीव्र चिंता, अतितीव्र चिंता.
ओतियाची विहीर दुसऱ्या पायरीपर्यंत पोचली.

विहिरीवरची झारेमा आता तिकडून हात हलवते.
हा हलवत नाही, कुणी फोटो काढला तर?
डोक्यावरची टोपी तेवढी नीट करतो.
त्यावर कुठलं कलम लागत नाही.

उतार मात्र अजून आपल्याकडे आहे.
पिकलेली फळं तारेखालून घरंगळत येतात.
त्यातलं एक थेओनानं माझ्या टेबलावर ठेवलं:
हे आपलं, की आयात?

मी म्हटलं, उद्या बघू.
रात्रभर ते हजेरीपटावर होतं,
वर्गाला कुलूप.

सकाळी देठ आणि चार बिया.
मी विचारलं, कुणी खाल्लं?
एकोणीस जणांनी स्पष्ट इन्कार केला.
पाच तटस्थ राहिले.
मी नोंद घेतली.