ओव्हनमधली पत्रं

मर्डो गेडीसने पिशवी टेबलावर ठेवली नाही,
मांडीवरच धरली, झोपलेलं मांजर धरावं तशी.
डंडीत त्या दिवशी नदीवरून आडवा वारा होता
आणि ऑफिसचं सरकतं दार कुणी नसतानाही उघडत होतं.
दर वेळी तो वळून पाहायचा.
मी त्याची खुर्ची फिरवून दिली:
दार समोर, पाठीला भिंत.
मग तो बोलला.

मागच्या पाच वर्षांतले पत्ते, तारखांसह.
त्याला तारखा सोडून सगळं आठवत होतं.
जिथे वरच्या मजल्यावर रात्रभर गोट्या सांडायच्या ते,
जिथे फ्रीज त्याचं नाव घ्यायचा ते,
वॉर्ड चार, तिथली खिडकी तळहाताएवढीच उघडायची,
बहिणीचा सोफा, तिचं बाळ येईपर्यंत.
मी लिहीत गेले: अंदाजे मार्च. अंदाजे तीन महिने.

रकाना नऊ.
अर्जदार स्वतःच्या कृतीमुळे बेघर झाला आहे का?
हो किंवा नाही. मध्ये जागा नाही.

"आलेली पत्रं उघडली नाहीस?"
"नाही."
"कुठे ठेवलीस?"
"ओव्हनमध्ये."
आणि घाईघाईने, "जाळायला नव्हे.
घट्ट बंद होणारं तेवढंच एक दार होतं घरात."

पिशवीत तीच होती. एकतीस.
आम्ही उघडायला बसलो,
माझ्या हातात कात्री, त्याच्या हातात निवलेला चहा.
भाडं थकलं. भाडं थकलं. शेवटची सूचना.
त्यानंतर आणखी एक शेवटची सूचना.
पिझ्झ्याची जाहिरात.
सतराव्या पाकिटात आमचंच पत्र, याच ऑफिसचं,
खाली माझी सही:
मदतीची गरज असल्यास कृपया लेखी कळवावे.

मी ते दोनदा वाचलं.
"वाईट आहे का?" त्याने विचारलं.
"आहे," म्हटलं. "पण तुझं नाही."

रकाना नऊ: नाही. जोडपत्र पाहावे.
जोडपत्रावर ओव्हनबद्दल लिहिलं, जमेल तसं.
वर बसलेल्यांना ते कळेल का, माहीत नाही.

मग फोन.
पहिलीकडे जागा नव्हती. दुसरीकडे गोळ्या घेणारे चालत नव्हते.
तिसरीने विचारलं, धोकादायक आहे का?
मी म्हटलं, कुणाला?
चार वाजून पन्नास मिनिटांनी लॉकीतली एक खोली,
तळमजला, बारा आठवडे,
आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन जाणार.
बारा आठवड्यांनंतरचं त्याने विचारलं नाही.
मीही काढलं नाही.

त्याने एवढंच विचारलं,
"दाराला पत्राची फट आहे?"
"आहे."
तो बराच वेळ गप्प.
"मंगळवारी घेऊन ये," मी म्हटलं. "न उघडता. इथे बघू."

तो निघाला तेव्हा सरकतं दार उघडलं,
या खेपेला कुणीतरी होतं म्हणून.

मंगळवारी आला नाही.
मी चारदा दाराकडे पाहिलं.
बुधवारी आला, दोन पाकिटं घेऊन.
एकाचा कोपरा
नखाने थोडासा उचकटलेला.