मागाहून बसवायचा चाप

पुतण्या जहाजावरून आला, सात महिन्यांनी,
आणि ओटीवर टेकता टेकता मोबाईल पुढे केला.
पडद्यावर करंगळीएवढा लोखंडाचा तुकडा.
"काका, हा चाप. मागाहून बसवायचा.
तिकडच्या बंदुकांना. बोट नुसतं टेकवायचं,
तीस गोळ्या कधी गेल्या कळतसुद्धा नाही.
मित्र घेतोय, दोनशे डॉलर.
घेण्यासारखा आहे का?"

मी काजूबियांत हिशेब केला.
सव्वाशे किलो. ओल्या नव्हे, वाळवलेल्या.
तेवढ्या तर यंदा वानरांनीच
झाडावर कोवळ्या असताना संपवल्या.

माझी बंदूक ठासणीची.
परवाना आजोबांचा, मग बाबांचा, मग माझा,
कारणाच्या रकान्यात तिन्ही वेळा: शेतीसंरक्षण.
एक बार. मग दारू, चिंध्या, गज, टोपी.
दुसरा भरेपर्यंत डुक्कर मिठबावच्या वेशीबाहेर
आणि मी अजून गज शोधतोय.
तीस बार? उभ्या जन्मात पंचवीस झाले असतील,
त्यातले नऊ शिमग्याला, आभाळात.

तरी त्याला लगेच नाही म्हटलं नाही.
कारण चाप माझाही जड झालाय.
किंवा बोट.
दोघांतलं कोण गंजलं ते विचारायला
बंदूक गोणपाटात गुंडाळली, परवाना खिशात घातला,
आणि सकाळच्या एसटीने कुडाळ गाठलं,
पास्कू मेस्ताचं दुकान.

पास्कूने चष्मा कपाळावर चढवला.
चाप ओढला, सोडला, कान लावून ऐकला.
"हलको करूक माका अर्धो तास पुरो.
स्प्रिंग घासली की झाला काम.
पण मगे तुझो हात कोण जड करतलो?"

मग सुपारी कातरत, माझ्याकडे न बघता,
त्याने तेंडोलीतल्या एकाची गोष्ट काढली.
चाप असाच हलका करून नेलेला, त्याच्याकडूनच.
मळ्यात माचावर बसला होता.
रात्री दोनला करवंदीत खसफस.
बोट टेकलं.
डुक्कर की काय, हे मनात यायच्या आत
बार निघून गेला होता.
करवंदीत त्याचाच चुलता,
विडी घरी विसरून आलेला.
पेटवली असती तर ठिणगी तरी दिसली असती.
"वाचलो," पास्कू म्हणाला. "पाय गेलो मात्र."

दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर
एक म्हातारा डब्यातले स्क्रू निवडत होता.
मान वर न करता म्हणाला,
"पाय नाय रे, तीन बोटां.
दर वर्साक मेस्त वायच वरसून कापता."

पास्कू हसला नाही.
चापात दोन थेंब तेल सोडलं, पुसलं,
वीस रुपये घेतले.
स्प्रिंगला हात लावला नाही,
मीही लाव म्हटलं नाही.

पुतण्याला सांगितलं, मित्राला म्हणावं
कुंपणात घाल ते पैसे.
त्याला वाटलं, काका गंमत करतायत.
मित्राला कुंपण घालण्यासारखं काही नव्हतंच;
तिकडे म्हणे लोक रविवारी जाऊन
कागदावर गोळ्या झाडतात आणि जेवायला घरी येतात.
मग कागदाला एवढी घाई कशाची,
हे मला अजून कळलेलं नाही.

आठवड्याने निवडणूक लागली.
बंदूक देवगडला पोलीस ठाण्यात जमा.
हवालदाराने तिच्या गळ्यात नंबराचा पुठ्ठा बांधला
आणि तिला कोपऱ्यात उभी केली,
गावातल्या आणखी अकराजणींबरोबर.

त्याच रात्री वायंगणात डुकरं उतरली.
मी बांधावर, एका हातात विजेरी,
दुसरा हात रिकामा.
त्या हाताचं बोट आपसूक वाकलं,
अर्ध्यावर येऊन थांबलं,
जिथे दरवेळी थांबतं,
जिथे आजवर मी
दोनदा गाय ओळखली आहे आणि एकदा शेजारीण.

मग डबा उचलला, बडवला.
डुकरं गेली. सावकाश, रांगेने,
आचारसंहिता ठाऊक असल्यासारखी.