इसार

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, धुकं अजून
दौलतगंजाच्या तोंडाशी बिघडलेल्या टेंपोसारखं उभं,
तेव्हा भदौरिया आला.
माझा जुना विद्यार्थी. एम.ए.ला तह शिकवले होते त्याला;
सालं पाठ असायची, कलमं कधीच नाही.
आता साहेबांच्या कार्यालयात असतो,
पण बूट अजून दाराबाहेर काढतो.

निवृत्त प्राध्यापकाची शिफारसही चालते म्हणे तिकडे,
त्या थंड देशात, जिथे शांततेचं सोनं
दरवर्षी डबीत घालून देतात.
मुदत एकतीस जानेवारी.
मजकूर तयार आहे, मॅडम. नजर टाका, सही करा.

वाचला.
पहिल्या पानावर : युद्ध सुरू झाले.
दुसऱ्या पानावर : साहेबांनी युद्ध थांबवले.
सुरू होताना तिथे कुणीच नव्हतं,
आपोआप झालं, पहाट होते तसं.
थांबताना मात्र साहेब, छायाचित्रासह.

सवयीनं लाल पेन उचललं.
समासात 'कोणी सुरू' एवढं लिहून होतंय
तोच महाराजपुऱ्याहून दोन विमानं उठली.
कपाटाच्या काचा वाजल्या.
या शहरात वाक्य मध्येच सोडतात,
आवाज जाईपर्यंत तोंड तसंच उघडं ठेवतात
आणि पुढचा शब्द तिथूनच उचलतात.
कुणी हसत नाही.

तिळगूळ संपला होता, म्हणून त्याला गजक दिली, मुरैन्याची.
गोड बोला म्हणाले नाही.
तसं पाहिलं तर तोही एक तहच :
आधी हातावर काहीतरी ठेवायचं,
मग अट घालायची.

मोरीत भांडी घासता घासता रामकली ऐकत होती.
तिचा धाकटा सीमेवर आहे.
फोन वाजला की ती आधी हात पुसते,
मग देवाचं नाव घेते, मग उचलते.
गोळीबार थांबल्याला सत्तर दिवस झाले.
हे मला तिच्याकडून कळलं,
वर्तमानपत्र तर मी घेते.

"दे दो इनाम," मोरीतूनच म्हणाली,
"पर पूछ लेना, लेकर फिर तो नहीं लड़ेगा?"

भदौरिया हसला.
मी चष्मा काढून पुसत बसले.
चाळीस वर्षं मी मागचे पेपर काढून
माणसाची लायकी तपासत आले,
आणि ही बाई बक्षिसाला बक्षीस मानतच नव्हती.
तिच्या लेखी तो इसार.
जमिनीच्या सौद्यात देतात तसा, चार माणसांदेखत,
म्हणजे मागे फिरताना समोरचा थोडा तरी लाजेल.

बुडवणारेही असतात, रामकली.
कंपूतल्या प्लॉटचा इसार माझ्या वडिलांनी दोनदा भरला.
आज तिथे तिसऱ्याच कुणाचं लग्नाचं कार्यालय आहे,
आमंत्रण आलं की आम्ही जेवूनही येतो.

आणि सत्तरच्या आधीचे दिवस?
ते कुणी मोजायचे?
अटेरच्या बाजूला, तिच्या माहेरच्या गावात,
एका घरी आता फोन येत नाही.
तरी ती बाई, रामकली सांगते,
दुसऱ्या कुणाच्या घरात वाजला
तरी हात पुसते.

मग पुन्हा वाटतं, माझ्या एका सहीने
धाकट्याचा एक आठवडा वाढत असेल,
तर खोट्या व्याकरणाखाली नाव घालायला
माझं काय जातं?
मग वाटतं, माझं तेवढंच तर आहे.

आज सव्वीस. सकाळपासून विमानं.
अर्ज टेबलावरच आहे, गजकच्या डब्याखाली.
समासात लाल शाईत 'कोणी सुरू'.
पुढचा शब्द मी अजून उचललेला नाही.
रामकली रोज डबा उचलते, कागद उचलते,
खालचं पुसते,
कागद होता तसा ठेवते, वर डबा.
विचारत काही नाही.
जाताना दारात पदर डोक्यावर घेत
फक्त म्हणाली,
इक्यासी.