खिरीची तोफ

आमचा नाताळ उशिरा येतो, सहा जानेवारीच्या रात्री,
तोवर बाकीच्या गावाने आपली झाडं उतरवून
कचऱ्याच्या गाडीत टाकलेली असतात.
यॉर्कटनच्या उत्तरेला, उणे एकतीस.
श्वास घेतला की नाकातले केस कडकड मोडतात.

त्या रात्री घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने
चमचाभर खीर छतावर भिरकवायची असते.
गव्हाची खीर, मध आणि खसखस घातलेली.
वर जितके दाणे चिकटतील तितकं वर्ष भरघोस.
हे गिदोचं काम.
माझे आजोबा, वासिल हनाट्युक, चौऱ्याऐंशी सुग्या पाहिलेले.
पण या सुगीत, कापणीयंत्राच्या शिडीवरच,
उजवा हात त्यांना सोडून गेला.
आता तो मांडीवर बसलेला असतो,
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.

लुबोमिर मामा म्हणाला, हात नसेल तर नसू दे,
हवा तर आहे?
हवेला कुणी पैसे मागत नाही.

शेडमध्ये आठ दिवस खटपट.
शाळेच्या बसमधलं जुनं लाल अग्निशामक नळकांडं,
बागेच्या फवाऱ्याची झडप,
नळी लोखंडीच, कारण प्लास्टिक थंडीत काचेसारखं तडकतं
आणि मामाची बोटं आधीच साडेनऊ.
पंप माझ्या सायकलचा.
दांडा खाली, दांडा वर, दांडा खाली,
काटा मुंगीच्या पावलांनी सरकत होता
आणि माझ्या कानशिलांत दुसराच पंप चालू होता.

पहिला बटाटा सुटला तो थेट
शेजारच्या आग्नेस फेर यांच्या खुराड्यावर.
कोंबड्यांनी तीन दिवस अंडी दिली नाहीत.
बाई आल्या, हात कमरेवर,
तोफेला एक प्रदक्षिणा घातली,
आणि दुसरा बटाटा स्वतः भरला.

मग झडप गोठली.
हवेतही पाणी असतं, हे तेव्हा कळलं.
मी दात-ओठ खाऊन कोंबलेला ओलावा
आत खडा होऊन बसला होता,
भावाभावांतल्या अबोल्यासारखा.
मामाने ती चुलीशेजारी निजवली, रात्रभर,
अशक्त वासरू निजवतात तशी.

पहिली चांदणी दिसली. मेजावर बारा पदार्थ.
गिदोंनी तोफेकडे पाहिलं, मग आमच्याकडे.
"शत्रू कोण?"
डावा अंगठा बटणावर ठेवला.
फुस्स.
नळीच्या तोंडातून एक दाणा घरंगळला
आणि मेजपोशावर थांबला.
आई पुटपुटली, गेलं हेही वर्ष.
मामाने पाना फिरवला. मी पुन्हा दांड्यावर.

धप्प!

छत, दिवा, आईचा भरतकामाचा सदरा,
बाबांचा चष्मा, संत निकोलसची दाढी.
आम्ही मान वर करून मोजत राहिलो,
एकशे बाराला भांडण झालं, पुन्हा पहिल्यापासून.
फेरबाई एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

हसले नाहीत ते गिदो.
"अजून एक. आणि मला दारात न्या."

दार उघडलं तशी थंडी सगळ्यांच्या आधी आत आली.
समोर शेत, निळसर पांढरं, सपाट,
ऑक्टोबरातच रेजायनाच्या कंपनीला विकलेलं.
सहीसुद्धा त्यांनी डाव्या हाताने केली होती,
सहा वेळा, कारण ती त्यांचीच वाटेना.

त्यांनी नळी स्वतः वळवली. थोडी वर.
अजून थोडी.
धप्प.

शिजलेला गहू उगवत नाही,
हे या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?
कुठे पडला ते दिसलं नाही. अंधार होता.
ते मात्र बराच वेळ तिकडेच पाहत राहिले,
पेरणीनंतर बांधावर उभं राहून पाहतात तसे.
मग म्हणाले, दार लावा, सूप निवतंय.

सकाळी बर्फावर
पक्ष्यांच्या पायांची गिचमीड,
आणि मधोमध एक मॅगपाय,
कंपनीच्या जमिनीवर,
आमच्या मधाने चिकट झालेली चोच
पुसत होता.