पस्तीस बाय पंचेचाळीस

बाबांच्या दुकानातला पडदा पांढरा.
पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर,
कान दिसले पाहिजेत, दात नाहीत.
ओरानमधली निम्मी पोरं इथे येतात,
पाठीमागून आपलं शहर पुसून घेतात
चार प्रतींत,
आणि वकिलातीच्या रांगेत जाऊन उभी राहतात.

संध्याकाळी तोच कॅमेरा गळ्यात अडकवून
मी प्लांतरची चढण चढते.
पडदा दुकानातच राहतो.

भिंतीला कान असतात म्हणे.
आमच्या भिंतींना पाठी आहेत.
दुपारपासून टेकलेल्या,
एक पाय जमिनीवर, एक मागे दुमडून;
चुन्यावर टाचांचे काळे डाग
सगळे एकाच उंचीवर.
"काय चाललंय?" विचारलं की लुत्फी म्हणतो,
"भिंत धरून ठेवलीय. सोडली तर तुझ्या अंगावर येईल."
विनोद त्यांच्या वडिलांच्या वेळचा. तरी हसतात.
मी तेव्हा बटण दाबत नाही.
हसू ओसरतं,
कुणीतरी सुट्ट्या सिगारेटींचं खोकं उगाच सरळ करतं,
आणि हातांचं काय करायचं
ते कुणालाच सुचत नाही,
तेव्हा.

शाहिनाज म्हणाली, मला गच्चीवर काढ.
पाणी दिवसाआड येतं, म्हणून निळी पिंपं,
पिंपांच्या मधोमध तिचं ड्रॉइंगचं टेबल,
डिश अँटेना सगळ्या एका दिशेला तोंड करून
उत्तरेकडून काही मिळेल म्हणून वाडगे धरलेल्या.
ईदसाठी आणलेला मेंढा
तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा
जिना खात होता.
"खाऊ दे," म्हणाली, "तसाही कुणी बांधणार नव्हतं."

मग विचारलं, हे तू कुणाला दाखवणार?
तिच्या आजीच्या बहिणीचा एकच फोटो आहे,
फ्रेंच शिपायाने काढलेला, गावच्या चौकात,
ओळखपत्रासाठी, हायेक उतरवायला लावून.
"ती त्याच्याकडे जशी बघतेय ना,
तसं मला जमतं का बघ."
आणि बघितलं.
मी एक पाऊल मागे सरले.
फोटो हलला आहे. मेंढ्याचा एक कानही आलाय.
तोच ठेवला.

बाकी सगळ्यांना मागे समुद्र हवा असतो.
झोहैरला नको होता.
फरशा बसवतो तो, गुडघ्यांना कापडाच्या पट्ट्या,
नखांत सिमेंट.
"समुद्राशी आमच्या घराचा अबोला आहे," एवढंच म्हणाला.
मी कारण विचारलं नाही. चढणीवर सगळ्यांना माहीत असतं.
त्याला गल्लीच्या तोंडाशी उभा केला,
बंद न्हाव्याच्या गंजक्या शटरपुढे,
पाठ पाण्याकडे नाही, डोंगराकडे.
चौकटीत शटर, विजेच्या तारा,
एका पोराच्या सायकलचं अर्धं चाक.
समुद्र कुठेच नाही.
पण घरी मोठा करून पाहिला तर
त्याचा शर्ट छातीपाशी चिकटून
पाठीमागे फुगलेला होता.

पंधरा दिवसांनी तो दुकानात आला.
दाढी नीट कोरलेली, नखं घासलेली.
बाबांनी पडदा ओढला.
हनुवटी वर. थोडी खाली. हां.
त्याने मला ओळख दाखवली नाही, मीही नाही.
चार प्रती मी कापल्या; कात्रीखाली
पांढऱ्याच्या कडा गळत होत्या,
नुसत्या, कशाच्याच नव्हे अशा.

पैसे मोजून झाल्यावर, दाराकडे बघत तो बोलला,
"तो दुसरा. शटरपुढचा.
आईसाठी काढून ठेवशील?
मी नाही येणार न्यायला, तीच येईल."
किती मोठा, मी विचारलं.
त्याने आमच्या भिंतीकडे पाहिलं,
डोळ्यांनी माप घेतलं, फरशीचं घेतात तसं.
"घरचा खिळा जुना आहे," म्हणाला.
"हलकाच कर."