बटवा

मशीनवर सतरा वर्षं
इस्त्रीचे कपडे बसत होते.
आज उठवलं त्यांना.

खाली तेच झबलं, अर्धं,
सुई रुतलेली, भोवती गंजाचा तीळ.
जावेच्या स्वरदासाठी बेतलेलं.
ती आता स्कूटीवरून
भंवरकुव्याला क्लासला जाते.

सीतलामाता बाजारात पोरगा म्हणाला,
"आंटी, कौनसा शेड?"
मी झबल्याचीच बाही पुढे केली.

दोरा ओवताना चार खेपा वाया.
पाचव्यांदा ओलं टोक पलीकडे गेलं
आणि पाय आपसूक हलला.
पट्टा निसटला.
परत चढवला.

संध्याकाळपर्यंत झबल्याचा बटवा,
एका अंगाला फुगलेला,
गाल सुजल्यासारखा.
स्वरदा म्हणाली, "ईअरफोन मावतील की, काकू."

गंजाचा तीळ नेमका दर्शनी आलाय.
राहू दे.
बॉबिनमध्ये अजून
तेव्हाचा दोरा शिल्लक आहे.