मुकी पट्टी

कोव्ह बंदरात, गोदीच्या चढावर,
रोनेनच्या पबातला पियानो
मी वर्षातून दोनदा सुरात लावायचो.
एक पट्टी सोडून.
मधल्या सप्तकातली, काळ्या जोडीतली उजवी.
"तिला हात लावू नकोस," लोर्कन हेनेबरी म्हणायचा,
"आमचं बोलणं नाही."

आधी तो मठात शिकला.
सिस्टर अ‍ॅट्रॅक्टाच्या हातात लाकडी पट्टी,
त्याच्या बोटांखाली हस्तिदंती.
एक चुकली की दुसरी बसायची.
मग जहाजावरचा एक खानसामा
पत्त्यांत तीन रेकॉर्डी हरला त्याच्या बापाशी.
बापाला वाटलं, उन्हानं वाकल्यात,
म्हणून सूर लंगडतोय.
पोराला वाटलं, अरे,
असंही चालता येतं.

पुढे अकरा वर्षं नाचघरं.
आठ जणांचा बँड, निळे कोट, गळकी व्हॅन.
पाद्री दारात उभा राहून
जोडप्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजायचा,
आणि लोर्कन, त्याच्या नाकासमोर,
दोन ठोक्यांमधलं अंतर
हळूच वाढवत न्यायचा.
कोणी तक्रार केली नाही.
फक्त ट्रम्पेटवाला म्हणायचा,
"समेवर ये रे बाबा, बस चुकेल लोकांची."

लंडनला सोहोतल्या तळघरात
पियानो नवा होता, सगळ्या पट्ट्या बोलक्या.
तरी त्याची बोटं तिथे वळसा घ्यायची,
मोडकी पायरी अंधारातही
पाय टाळतो तशी.
कोणीतरी छापलं : हेनेबरीची खास शैली.
ते वाचून तो इतका हसला
की ठसका लागला.

एक रेकॉर्ड निघाली. तीनशे प्रती,
वेष्टनावर नावात एक अक्षर कमी.
एकशे नव्वद अजून
बहिणीच्या कोळशाच्या खोलीत आहेत.
मग कॉर्कचं हॉटेल,
दर रविवारी, सूपपासून पुडिंगपर्यंत.
काट्याचमच्यांच्या आवाजात तो काय वाजवायचा
ते ऐकायला मी सूप मागवायचो.
मला सूप आवडत नाही.

फेब्रुवारीत गेला.
पुरून आल्यावर रोनेन म्हणाला,
आता ती पट्टी करून टाक.
झाकण उघडलं.
हातोडी शाबूत. तार शाबूत.
पट्टीखाली सिगारेटचं पाकीट
घडी करून खोचलेलं,
तो ओढायचा तेच,
आणि रंग अजून उडाला नव्हता.

एका मिनिटाचं काम.
मी पाकीट होतं तसं परत सारलं,
नीट दाबून,
आणि नेहमीसारखं बिल लिहिलं :
सत्त्याऐंशी पट्ट्या.